रिलायन्सने खरंच 1.86 लाख कोटींचा कर भरला का? कंपन्यांच्या कराच्या बातम्यांत नेमकं काय चुकतं

रिलायन्स इंडस्ट्रीजने 2023-24 च्या वार्षिक अहवालात सरकारी तिजोरीत 1,86,440 कोटी रुपयांचं 'योगदान' दिल्याचं म्हटलं. मथळ्यांत आणि फॉरवर्ड्समध्ये त्याचं 'इतका कर भरला' असं झालं. पण त्या वर्षी समूहाचा करपूर्व नफाच 1,04,727 कोटी होता. मग नफ्यापेक्षा जास्त कर कसा?

उत्तर 'योगदान' या शब्दात आहे. त्यात प्रत्यक्ष करांसोबत अप्रत्यक्ष करही येतात. पनवेलमध्ये कुणी जिओचा 299 रुपयांचा रिचार्ज मारला, तर त्यातले जवळपास 46 रुपये 18 टक्के जीएसटीचे असतात. ते देतो ग्राहक. कंपनी स्वतःच्या खरेदीवरच्या जीएसटीची वजावट घेऊन उरलेली रक्कम सरकारकडे जमा करते. पेट्रोलवरचं उत्पादन शुल्कही किमतीतूनच वसूल होतं. एसटीचा कंडक्टर दिवसभराची रोकड पनवेल डेपोत भरतो, तेव्हा त्याने ती खिशातून दिली असं कुणी म्हणत नाही.

समूहाच्या हिशेबात नफ्यावरच्या कराचा खर्च होता 25,707 कोटी, म्हणजे करपूर्व नफ्याच्या साधारण साडेचोवीस टक्के. हा आकडाही लहान नाही. आणि कंपनीने शब्द चुकीचा वापरला नव्हता, तो बदलला मथळ्यात.

दराच्या बातम्यांतही असाच घोळ होतो. 20 सप्टेंबर 2019 रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी पणजीत कॉर्पोरेट कर कपात जाहीर केली. 'कर 30 वरून 22 टक्क्यांवर' हे सगळीकडे झळकलं. मात्र अधिभार आणि उपकर धरले तर मोठ्या कंपन्यांसाठी आधीचा दर 34.94 टक्के होता आणि नवा 25.17 टक्के. तोही सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठीच. 400 कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांचा मूळ दर तर आधीच 25 टक्के होता.

आणखी गंमत म्हणजे, या कपातीनंतरच्या पहिल्याच तिमाही निकालात आयसीआयसीआय बँकेचा नफा घसरून 655 कोटींवर आला. कारण कर कमी होणं हेच! पुढे करात मिळणारी वजावट बँकेने जुन्या, जास्त दराने हिशेबात धरली होती. दर उतरल्यावर तिची किंमत कमी झाली आणि 2,920 कोटींचा एकवेळचा कर-खर्च दाखवावा लागला. त्यासाठी सरकारला वेगळे पैसे गेले नाहीत. फक्त मथळा वाचणाऱ्याला मात्र बँकेचा धंदाच बसला असं वाटलं असतं.

म्हणून नफा-तोट्याच्या पत्रकातला 'कर-खर्च' आणि प्रत्यक्ष भरलेला कर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरा आकडा वार्षिक अहवालातल्या कॅश फ्लो स्टेटमेंटमध्ये असतो. अहवाल कंपनीच्या वेबसाइटवर मोफत मिळतो.