वैऱ्यांचे सहगान

३० मे १९६२ च्या सायंकाळी इंग्लंडमधील कोव्हेंट्री शहराच्या नव्या कॅथीड्रलमध्ये एक विशाल गायकवृंद उभा होता आणि त्याचे स्वर बी. बी. सी. च्या नभोवाणीवरून त्याच क्षणी दूरदूरच्या घरांत पोचत होते. बेंजामिन ब्रिटन यांच्या ‘वॉर रिक्विएम’ या रचनेचा तो पहिला प्रयोग. रिक्विएम म्हणजे मृतांना चिरविश्रांती लाभावी म्हणून गाइला जाणारा लॅटिन मिस्सा. समकालीन संगीताकडे सहसा न वळणारे अनेक श्रोतेही या समूहगानाने हेलावले, याचे कारण त्या स्थळी आणि त्या काळी आहे.

१४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी कोव्हेंट्रीवर बाँबवर्षाव केला. पाचशेहून अधिक माणसे मेली आणि मध्ययुगीन कॅथीड्रल जळून गेले. त्याच्या उभ्या राहिलेल्या भिंती तशाच जपून, शेजारी बेसिल स्पेन्स या वास्तुशिल्पज्ञाने नवे मंदिर उभारले. अशा मंदिराच्या उद्घाटन-महोत्सवासाठी संगीत रचण्याचे काम ब्रिटन यांच्याकडे आले. युद्धकाळात शस्त्र धरण्यास त्यांनी सदसद्विवेकबुद्धीने नकार दिलेला होता. विजयगीत त्यांना लिहिता येणार नव्हते, आणि ज्यांची माणसे गेली होती त्यांच्यापुढे कोरडा उपदेशही शोभला नसता.

त्यांनी एक विलक्षण मार्ग काढला. लॅटिन प्रार्थनेच्या शब्दांमध्ये त्यांनी विल्फ्रेड ओवेन या सैनिक-कवीच्या नऊ कविता गुंफल्या. ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, पहिले महायुद्ध थांबण्यास अवघा एक आठवडा उरला असता, पंचविसाव्या वर्षी रणांगणावर पडला होता. त्याचे एक नाते भारताशीही जुळते. त्याच्या मातेने १९२० मध्ये रवींद्रनाथांना पत्र लिहून कळविले की, अखेरचा निरोप घेताना पुत्राच्या ओठांवर रवींद्रनाथांच्याच ओळी होत्या, आणि पुढे त्याच्या टिपणवहीतही त्या लिहिलेल्या सापडल्या.

या रचनेत तीन समूह आहेत. मोठा गायकवृंद, सोप्रानो गायिका आणि पूर्ण वाद्यवृंद मिस्सा गातात. टेनर व बॅरिटोन हे दोन पुरुषस्वर छोट्या वाद्यमेळासह सैनिकांची व्यथा सांगतात. मुलांचा गायकवृंद ऑर्गनच्या साथीने दुरून ऐकू येतो. मंदिरातील श्रोत्याला हे समूह निदान डोळ्यांनी वेगळे करता येत होते. नभोवाणीच्या श्रोत्याला मात्र जवळचा स्वर कोणता आणि दूरचा कोणता, एवढ्यावरच सारे ओळखावयाचे होते. अब्राहामाच्या बलिदानाची कथा ओवेनने उलटी केली आहे : देवदूताने थांबविले तरी बाप ऐकत नाही, पुत्राचा वध करतो. त्याच वेळी दुरून मुले शांतपणे नैवेद्याची प्रार्थना गात असतात. हे अंतर कानाला जाणवले की त्या कवितेतील दाह वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

आरंभी गायकवृंद दोनच स्वरांभोवती घुटमळतो आणि घंटाही त्याच स्वरांवर वाजतात. त्यांतील खालचा षड्ज मानला, तर वरचा तीव्र मध्यम होय. यमन ऐकणाऱ्या कानाला हा मध्यम प्रिय आहे, कारण तो पंचमाकडे नेतो. येथे तो कोठेच जात नाही. दोन स्वर समोरासमोर अडून राहतात. भागाच्या शेवटी तीव्र मध्यमाची जागा शुद्ध मध्यम घेतो, आणि मग कुठे ताण सैल होतो.

ब्रिटन यांची इच्छा होती की इंग्लंड, जर्मनी आणि रशिया या तिन्ही देशांचे गायक एकत्र यावेत. टेनर होते पीटर पिअर्स. बॅरिटोन होते दीट्रिख फिशर-डीस्काऊ, स्वतः जर्मन सैन्यात राहून युद्धबंदी झालेले. गालिना विश्नेव्हस्काया यांना मात्र सोव्हिएत सरकारने येऊ दिले नाही. त्यांचा भाग हेदर हार्पर यांनी सुमारे दहा दिवसांत शिकून गाइला. शांतीच्या प्रार्थनेलाही सरहद्द आडवी आली ती अशी. पुढे १९६३ च्या जानेवारीत ध्वनिमुद्रणासाठी विश्नेव्हस्काया लंडनला येऊ शकल्या आणि तिघांचे आवाज एका ध्वनिमुद्रिकेत आले.

शेवटच्या भागात एक सैनिक पाताळात उतरतो. तेथे त्याला भेटणारा पुरुष म्हणजे त्यानेच आदल्या दिवशी मारलेला शत्रू. दोघांत वैर उरलेले नाही. उरला आहे तो न जगलेल्या आयुष्याचा शोक. इंग्रज आणि जर्मन गायक एकमेकांना निद्रेचे आमंत्रण देतात, आणि मग मुलांचा वृंद, मोठा वृंद, सोप्रानो असे सारे त्या अंगाईत मिसळतात. तीन समूह प्रथमच एक होतात.

तेवढ्यात घंटा पुन्हा त्याच अडलेल्या दोन स्वरांवर वाजतात. त्यानंतर गायकवृंद हळूच ‘आमेन’ म्हणून थांबतो. ब्रिटन यांनी शांती मागितली, ती मिळाली असे मात्र भासविले नाही. बावीस वर्षांपूर्वी घर गमावलेल्या श्रोत्याला हा प्रामाणिकपणा कोणत्याही सांत्वनाहून अधिक जवळचा वाटला असेल.