सापाच्या अंड्यांची कृत्रिम उबवण

सापाच्या अंड्यांची कृत्रिम उबवण म्हणजे मूळ जागा उद्ध्वस्त झाल्यामुळे हलवावी लागलेली सापाची अंडी तापमान व आर्द्रता नियंत्रित ठेवून पेटीत उबवण्याची पद्धत होय. महाराष्ट्रात सर्पमित्र व सर्पोद्याने तिचा अवलंब करतात. अंडी जागेवरच राहू देणे शक्य असेल, तर ही पद्धत वापरू नये.

पार्श्वभूमी

सर्वच साप अंडी घालत नाहीत. घोणस, फुरसे व मांडूळ थेट पिल्लांना जन्म देतात. नाग, मण्यार, धामण, तस्कर, दिवड व अजगर हे अंडी घालणारे साप होत. नागाची मादी उन्हाळ्यात व पावसाळ्याच्या तोंडावर साधारणतः १२ ते ३० अंडी घालून त्यांच्याजवळ थांबते. सुमारे दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालते आणि हवा गार झाल्यास स्नायूंच्या आकुंचनाने ऊब निर्माण करते. बहुतेक इतर साप अंडी घालून निघून जातात.

तिवसा तालुक्यासारख्या वऱ्हाडातील शेतीप्रधान भागात उंदरांची बिळे, वारुळे, शेणखताचे उकिरडे, पऱ्हाटीच्या गंज्या आणि पडक्या मातीच्या भिंती या सापांना अंडी घालण्यास सोयीच्या जागा असतात. दुर्दैवाने पेरणीपूर्वीची साफसफाई, शेणखत शेतात नेणे आणि जुनी घरे पाडणे ही कामेही याच काळात चालतात. त्यामुळे अंडी उघडी पडतात.

आर्द्रतेचे महत्त्व

सापाच्या अंड्याचे कवच कोंबडीच्या अंड्यासारखे कडक नसून चामड्यासारखे लवचीक असते. ते सभोवतालच्या मातीतील ओलावा शोषून घेते, म्हणून निरोगी अंडे दिवसेंदिवस फुगते व जड होते. ओलावा कमी पडला की अंड्याला खळगे पडतात. जास्त झाला की बुरशी धरते व गर्भ गुदमरतो. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो आणि दुपारची हवा अत्यंत कोरडी असते. अशा हवेत उघडी राहिलेली अंडी लवकर सुरकुततात. थंड प्रदेशांतील पुस्तकांत उबवणपेटी तापवण्याचे उपाय असतात. येथे मात्र ती थंड ठेवणे हीच खरी अडचण असते.

पद्धत

अंडी उचलण्यापूर्वी प्रत्येकाच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करतात, कारण गर्भ कवचाच्या आतील बाजूला चिकटलेला असतो व अंडे उलटल्यास तो मरू शकतो. कोंबडीची अंडी फिरवावी लागतात, सापाची फिरवायची नसतात. नवख्यांची चूक नेमकी येथेच होते. एकमेकांना चिकटलेली अंडी वेगळी करू नयेत.

झाकणाच्या डब्यात वर्मिक्युलाइट किंवा कोकोपीट ओले करून भरतात. मुठीत दाबल्यावर त्याचा गोळा व्हावा, पण पाणी गळू नये, एवढाच ओलावा योग्य. अंडी त्यात निम्मी रुतवून ठेवतात. डब्यातील तापमान २८ ते ३० अंश सेल्सिअस व सापेक्ष आर्द्रता ८० ते ९० टक्के राहील, हे तापमापक व आर्द्रतामापकाने पाहतात. पाणी घालायचे ते कडेने, अंड्यांवर नव्हे. झाकणाखाली साचलेले थेंबही अंड्यांवर पडू देऊ नयेत. काही जण मातीचे मडके वापरतात. ते गार राहते खरे, परंतु हा गारवा बाष्पीभवनातून येत असल्याने आतील माती लवकर सुकते व तिच्याकडे रोज लक्ष द्यावे लागते.

मगर व अनेक कासवांप्रमाणे सापांत पिल्लाचे लिंग तापमानावर ठरत नाही. तापमान चुकल्यास पिल्ले विकृत निपजतात किंवा मरतात.

पिल्ले बाहेर येणे

पिल्लू तोंडाच्या पुढील टोकावरील अंडदंताने कवच चिरते आणि पुष्कळदा एक-दोन दिवस डोके बाहेर काढून आतच थांबते. या वेळी ते ओढून काढू नये; उरलेला बलक त्याच्या शरीरात शोषला जात असतो. नाग व मण्यार यांची पिल्ले जन्मतःच विषारी असतात.

कायदेशीर बाजू

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांना इजा करणे किंवा ती हलवणे हे शिकारीच्या व्याख्येत येते. त्यामुळे हौसेखातर घरी अंडी उबवणे हा गुन्हा ठरू शकतो. अंडी आढळल्यास वनविभागाला कळवावे. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा मदत क्रमांक आहे. पिल्ले अंडी सापडलेल्या परिसरातच, वस्तीपासून दूर, पाणी व आडोसा असलेल्या ठिकाणी सोडली जातात.