फाल्गुनरावांचा संशय आणि गणपतराव बोडस

संगीत नाटक म्हटलं की आपल्याला आधी गाणं आठवतं. बालगंधर्व आठवतात, केशवराव भोसले, मास्टर दीनानाथ आठवतात. ज्यांनी त्यांची नाटकं पाहिली नाहीत तेही त्यांची पदं गुणगुणतात. पण त्याच रंगभूमीवर एक नट असा होऊन गेला की, ज्याची कीर्ती पदांवर उभी नव्हती आणि तरीही गाणाऱ्यांच्या शेजारी तो तसूभरही कमी ठरला नाही. तो नट म्हणजे गणेश गोविंद ऊर्फ गणपतराव बोडस. जन्म १८८०, मृत्यू १९६५. आज त्यांच्या एकाच भूमिकेविषयी बोलावं असा विचार आहे. ती भूमिका म्हणजे ‘संगीत संशयकल्लोळ’ नाटकातले फाल्गुनराव.

नाटक गोविंद बल्लाळ देवलांचं. कथा मुळात त्यांची नव्हे. फ्रान्सच्या मोलिएरनं १६६० साली एका संशयी नवऱ्यावर छोटं प्रहसन लिहिलं आणि त्यातली नवऱ्याची भूमिका स्वतःच केली. पुढे १७६१ साली आर्थर मर्फीनं त्याच कल्पनेवर इंग्रजी नाटक रचलं. त्यावरून देवलांनी १८९३ च्या सुमारास ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक लिहिलं आणि अखेरीस त्याला पदांची जोड दिली. हे संगीत रूप गंधर्व नाटक मंडळीनं ऑक्टोबर १९१६ मध्ये रंगभूमीवर आणलं. देवल त्याच वर्षी जूनमध्ये वारले होते. प्रयोग पाहायला ते राहिले नाहीत. रेवती बालगंधर्व, फाल्गुनराव बोडस. ही मंडळी १९१३ साली काढताना बालगंधर्व आणि गोविंदराव टेंबे यांच्याबरोबर तिसरे मालक बोडसच होते.

देवलांनी नाटकातल्या पुरुषांना महिन्यांची आणि बायकांना नक्षत्रांची नावं दिली: फाल्गुन, आश्विन, वैशाख; रेवती, कृत्तिका, रोहिणी. आपल्या गावाकडच्या माणसाला ही गंमत लगेच कळते, कारण पेरणीचा हिशेब अजून नक्षत्रांवर चालतो. नाटक उघडतं तेव्हा जणू पंचांगच रंगभूमीवर चालू लागतं.

आता घोटाळा कसा होतो ते पाहा. रेवतीजवळ आश्विनशेटची तसबीर आहे. तिला रस्त्यात घेरी येते, तसबीर हातातून पडते. फाल्गुनराव माणुसकीनं तिला सावरायला धावतात. ते त्यांची बायको कृत्तिका पाहते. तिला वाटतं, नवऱ्याचं पाऊल वाकडं पडलं. ती खाली येते तर पडलेली तसबीर तिला सापडते. ती तसबीर निरखून पाहात असताना फाल्गुनराव परततात. त्यांना वाटतं, बायकोचं मन दुसरीकडे गुंतलं. तिथून ती तसबीर हातोहाती फिरते आणि ज्याच्या हाती जाईल त्याच्या डोक्यात संशयाचं भूत शिरतं. यात कोणीही खोटं बोललेलं नाही. प्रत्येकानं आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि प्रत्येकजण चुकला आहे.

इथं नटाची कसोटी लागते. विनोदी भूमिका म्हणजे डोळे वटारणं, धोतराच्या सोग्याला अडखळणं, आवाज चिरका काढणं, असा आपल्याकडे एक समज आहे. त्या वाटेनं गेलं तर फाल्गुनराव पाच मिनिटं हसवतील आणि मग कंटाळा आणतील. फाल्गुनरावांना स्वतःचं काहीच हास्यास्पद वाटत नाही. त्यांचं घर खरोखर मोडायला आलेलं आहे, निदान त्यांच्या दृष्टीनं. नटानं ते दुःख खरं मानलं तरच प्रेक्षक हसतो. बोडसांची ख्याती होती ती या खरेपणासाठी. आरडाओरडा नाही, हातवारे नाहीत; घरी बोलतो तसं बोलणं. देवल हे स्वतः नटांना तालीम देणारे मोठे जाणते होते, आणि बोडस त्यांच्याच तालमीतून तयार झालेले.

आणखी एक अडचण आज आपल्या ध्यानात येत नाही. त्या काळी नाटक रात्रभर चाले. पद रंगलं की ‘वन्समोअर’ येई, मग पुन्हा तेच पद, पुन्हा ‘वन्समोअर’. बालगंधर्व गात असताना कथा जागच्या जागी थांबून राही, आणि त्याबद्दल कुणाची तक्रारही नसे. पण गाणं संपल्यावर पहिलं वाक्य कुणी बोलायचं? सुरांच्या धुंदीत बसलेल्या माणसांना पुन्हा तसबिरीच्या घोटाळ्यात ओढून आणणं हे काम फाल्गुनरावांचं. माझ्या मते बोडसांची खरी मर्दुमकी इथं होती. त्यांना शब्दांतूनच ताल धरावा लागे: कुठे थांबायचं, कुठे एकदम दोन वाक्यं जोडून टाकायची, कुठे नुसतं बायकोकडे पाहायचं.

युरोपात याच जातीच्या भूमिका गायल्या जातात. तिथल्या ऑपेरात बॅरिटोन नावाचा आवाज असतो. बॅरिटोन म्हणजे ना टिपेचा ना अगदी खर्जाचा, मधला भरदार पुरुषी आवाज. प्रियकर बहुधा टिपेच्या आवाजाचा. बाप, खलपुरुष, लबाड नोकर, फसलेला नवरा हे पुष्कळदा या मधल्या आवाजाचे. ज्या १८९३ सालाशी आपल्या फाल्गुनरावांचं नाव जोडलं जातं, त्याच साली इटलीत मिलान शहरी वर्दी या संगीतकाराचा ‘फाल्स्टाफ’ हा विनोदी ऑपेरा रंगभूमीवर आला. वर्दीचं वय तेव्हा ७९. त्यातही फोर्ड नावाचा एक संशयी नवरा आहे. बायको आपल्याला फसवणार असं ऐकल्यावर तो एकटाच उभा राहून गातो. ते गाणं ऐकलं तर कुणी म्हणणार नाही की हा विनोद आहे. संगीत थेट शोकांतिकेचं. हसू येतं ते आपल्याला खरी गोष्ट ठाऊक असते म्हणून. १९२५ साली न्यूयॉर्कला लॉरेन्स टिबेट या तरुण बॅरिटोननं हे गाणं असं गायलं की, लोकांनी टाळ्यांनी प्रयोग थांबवून ठेवला. फोर्ड आणि फाल्गुनराव हे सख्खे भाऊ म्हणायला हरकत नाही. एकाला सूर मिळाले, दुसऱ्याला बोलणं.

मग आपल्याकडे गाणं प्रियकराला आणि हसू गद्य नटाला, अशी वाटणी का झाली? ध्वनिक्षेपक नव्हते, उंच पट्टीचा आवाजच शेवटच्या माणसापर्यंत पोचे, म्हणून गायक नट म्हणजे टिपेचा आवाज असं समीकरण बसलं, असं मला वाटतं. पण ही वाटणी नाटकगृहापुरती. गावात ती कधीच नव्हती. पैठणच्या एकनाथांचं भारूड घ्या. भरदार गळ्याचा गडी लुगडं नेसून उभा राहतो, गातो, हसवतो आणि हसता हसता कानउघाडणीही करतो. आमच्या कोल्हार भगवतीपूरला पौषात देवीची यात्रा भरते. प्रवरेकाठच्या अशा यात्रांतून पिढ्यान् पिढ्या तमाशाचे फड उतरत आले. तिथल्या सोंगाड्याला कुणी विचारीत नाही की तू गाणारा की बोलणारा. हीच प्रवरा पुढे टोक्याजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी पैठणला जाते. भारूड आणि वग यांचं नातंही मला तितकंच जवळचं वाटतं.

विनोदी नट म्हणजे हलका नट, असं समजणाऱ्यांसाठी बोडसांच्या आणखी दोन भूमिका सांगतो. १९११ साली खाडिलकरांच्या ‘मानापमान’ नाटकात त्यांनी लक्ष्मीधर केला. हा श्रीमंत, भित्रा, दागिन्यांच्या झगमगाटात स्वतःलाच भुललेला गृहस्थ. आणि १९१९ साली गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकात सुधाकर केला. सुधाकर म्हणजे दारूपायी बायकामुलांची राखरांगोळी करणारा बुद्धिमान वकील. फाल्गुनराव आणि सुधाकर एकाच नटाचे, आणि दोहोंमध्ये अवघं तीन वर्षांचं अंतर! खोल पाहिलं तर दोघंही एकाच जागी अडलेले आहेत: मनात शिरलेली गोष्ट त्यांना सोडवत नाही. एकाच्या बाबतीत शेवटी तसबिरीचा उलगडा होतो. दुसऱ्याच्या बाबतीत उलगडा व्हायला कोणी उरत नाही.

बोडसांनी ‘माझी भूमिका’ या नावानं आत्मचरित्र लिहून ठेवलं आहे. शाळेच्या ग्रंथालयात ते नसेल तर शिक्षकबंधूंनी जरूर मागवावं. नाटकही अजून जिवंत आहे. अलीकडे राहुल देशपांडे आश्विनशेट आणि प्रशांत दामले फाल्गुनराव होऊन ते पुन्हा रंगभूमीवर आले.

एक सुचवू का? स्नेहसंमेलनात विनोदी काम नेहमी वर्गातल्या वात्रट पोराला देतात. यंदा तसबिरीचा प्रवेश बसवून पाहा, आणि फाल्गुनराव वर्गातल्या सर्वांत गंभीर मुलाला द्या. त्याला इतकंच सांगा की, तू हसवायचं नाहीस, तुझं घर बुडालं आहे. कृत्तिका करणाऱ्या मुलीलाही तेच सांगा. मग तालमीच्या वेळी बाकीची मुलं कोणत्या वाक्याला हसतात ते नीट ऐका. प्रयोगात त्या वाक्यानंतर क्षणभर थांबायचं आहे.