रानघरातलं गणित

भामरागडच्या जंगलातल्या हेमलकशाला आलेला शहरी संगीतप्रेमी माडिया आदिवासींचा रेला, म्हणजे त्यांचं सामूहिक नाच-गाणं, ऐकतो आणि हमखास म्हणतो, "हे खरं गाणं! आपोआप उगवलेलं. नाहीतर ते आधुनिक सिंफनीवाले, नुसतं गणित!"

या मताचा पूर्वपक्ष नीट मांडू. विसाव्या शतकात संगीतकार शोनबर्गने सप्तकातले बाराही स्वर सारखे मानले, षड्जाचं आसन काढून घेतलं आणि स्वरांच्या आधी ठरवलेल्या क्रमावर रचना बेतली. म्हणून हे कागदावरचं संगीत. मुंबईत नरिमन पॉइंटच्या सभागृहात शोभेल, भामरागडच्या जंगलात नाही.

यातला अर्धा भाग मान्य. आधारस्वर नसला की तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला अधांतरी वाटणारच. पण निवाडा पद्धतीचा करायचा की कृतीचा? शोनबर्गचाच शिष्य आल्बान बेर्ग याचा १९३५ सालचा व्हायोलिन कॉन्चेर्टो घ्या. त्याने गुंफलेल्या बारा स्वरांच्या माळेतला पहिला, तिसरा, पाचवा आणि सातवा स्वर म्हणजे व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारा. एकल वादक प्रवेश करतो तोच त्या तारांवरून गज फिरवत, जणू वाद्य जुळवून पाहतोय. माळेतले शेवटचे चार स्वर एकेका पूर्ण स्वराने चढतात. बाखच्या एका कॅंटाटातलं मरणाला सामोरं जाणारं प्रार्थनागीत नेमकं असंच सुरू होतं. अखेरच्या भागात ते गीत उघडपणे येतं आणि क्लॅरिनेट ऑर्गनसारखी त्याला साथ देतात. एप्रिल १९३५मध्ये पोलिओनंतर अठराव्या वर्षी गेलेल्या मानोन ग्रोपियसच्या स्मृतीला ही रचना वाहिलेली आहे. त्याच डिसेंबरात बेर्गही गेला. १९३६ साली बार्सिलोनात झालेला पहिला प्रयोग त्याने ऐकलाच नाही. इथे गणिताने शोकाची वाट अडवली नाही, ती आखून दिली.

आणि गणिताचं आपल्याला एवढं वावडं कधीपासून? तिहाई हा चोख हिशेबच असतो. तो समेवर बरोबर उतरला की आपण "वा!" म्हणतो, वहीत बेरीज तपासत नाही.

मताची दुसरी बाजू अधिक घातक आहे. रेला 'आपोआप उगवलेला' नाही. हात गुंफून एका रांगेत सरकताना एक पाऊल चुकलं तरी साखळी तुटते. 'रे रेला'चं पालुपद सगळ्यांनी एकत्र उचलावं लागतं. हे लहानपणापासून बघत, चुकत शिकलेलं असतं. त्याला रानफूल म्हणणं म्हणजे माडियांच्या शिकण्याचं श्रेय काढून जंगलाला देणं. कौतुकाच्या आवाजात केलेली ही उपेक्षाच.

राहिला जंगलाचा मुद्दा. बेर्गने हा कॉन्चेर्टो लिहिला तो ऑस्ट्रियाच्या कॅरिंथिया प्रांतातल्या तळ्याकाठच्या घरात. त्या घराचं नाव 'वाल्डहाउस', म्हणजे रानघर. त्याच प्रांतातलं एक लोकगीत त्याने बारा स्वरांच्या विणीत गुंफलं, आणि रचना संपत येते तेव्हा दुरून आल्यासारखं ते पुन्हा ऐकू येतं. ज्याला आपण नरिमन पॉइंटचं संगीत म्हणतो, त्यात रानाकडचं गाणं पहिल्यापासून आहे.

तेव्हा पाहुण्यांनी एकदा उलटं करून पाहावं: रेला ऐकताना पावलं मोजावीत आणि बेर्ग ऐकताना मोजणं सोडावं.