स्वपक्षटीका आणि मतदार : वऱ्हाडातील एक प्रकरण

आपल्याच पक्षाचे दोष उघडपणे सांगणारा कार्यकर्ता मतदार जोडतो की तोडतो, हा प्रश्न निवडणुकीइतकाच जुना आहे. घरचे भांडण चव्हाट्यावर आणू नये, असे पक्षधुरीण म्हणतात. खरे बोलणाऱ्यावरच लोक विश्वास ठेवतात, असे टीकाकार म्हणतो. दोन्ही विधाने सर्वसामान्य स्वरूपाची असल्याने त्यांची परीक्षा एखाद्या विशिष्ट प्रसंगावरच होऊ शकते. तसा प्रसंग वऱ्हाडच्या इतिहासात उपलब्ध आहे.

अकोला-पूर्णा लोहमार्गावरील जऊळका हे गाव आज वाशीम जिल्ह्यात आहे. हा जिल्हा १९९८ साली अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. प्रस्तुत लेखातील घटनांच्या काळी या परिसराचे राजकारण अकोला-अमरावतीकडे पाहूनच चालत असे. मताधिकार मात्र ठराविक जमीनमहसूल वा कर भरणाऱ्या थोड्या लोकांपुरता मर्यादित होता. पुढील विवेचन वाचताना ही मर्यादा ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

१९२३ च्या निवडणुकीत मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळात स्वराज्य पक्षास स्पष्ट बहुमत मिळाले. अधिकारपदे न स्वीकारता आतून अडवणूक करणे, हे त्या पक्षाचे धोरण होते. परंतु ऑक्टोबर १९२५ मध्ये त्याच पक्षाचे, अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातील पद पत्करले. पंडित मोतीलाल नेहरूंनी त्यांचा निषेध केला. न. चिं. केळकर, बॅ. जयकर व डॉ. मुंजे यांनी उलट पक्षाच्या धोरणावरच टीका आरंभिली; माधव श्रीहरी अणे हेही त्याच मताचे होते. फेब्रुवारी १९२६ मध्ये या मंडळींची परिषद अकोल्यास भरली. एप्रिलमध्ये साबरमती येथे झालेला समेट टिकला नाही. त्याच वर्षाअखेरच्या निवडणुकीत स्वराज्य पक्षाने या प्रांतातील बहुमत गमावले. अणे, मुंजे, केळकर व जयकर हे चौघेही मध्यवर्ती विधिमंडळात निवडून गेले.

यावरून 'टीका फलदायी ठरते' असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. त्या वर्षी हिंदु-मुसलमान तेढ वाढलेली होती आणि अडवणुकीच्या धोरणाचा कंटाळाही आलेला होता. तथापि उभय पक्षांची भाषा तपासली असता एक गोष्ट लक्षात येते. मोतीलालजींनी रोगग्रस्त अवयव छेदून टाकण्याची भाषा वापरली. टीकाकारांनी आपल्या मतास नाव दिले ते 'प्रतियोगी सहकारिता' हे. आणि हे सूत्र तर लोकमान्य टिळकांनी १९१९ च्या अमृतसर काँग्रेसच्या वेळी मांडलेले. वऱ्हाडातील टिळकभक्त मतदारास ही भाषा परकी नव्हती. टीकाकार घर सोडून गेलेला नसून घरातील जुना दस्तऐवज काढून दाखवीत आहे, असे त्यास वाटणे स्वाभाविक होते.

मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असा भेद आहे. प्रमाण हिंदीत तो नाही. 'आम्ही' म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हणताना तो आत येतो. स्वपक्षटीकेचा परिणाम बहुतांशी या भेदावर अवलंबून असतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. 'आपले चुकले' या उद्गारात बोलणारा दोषाचा वाटा स्वतःकडे घेतो; 'त्यांचे चुकले' म्हणणारा केवळ साक्षीदार उरतो.

मात्र केवळ सर्वनामाने विश्वास मिळत नाही. अणे यांनी वऱ्हाडातील काँग्रेस संघटनेचे अध्यक्षपद भूषविले होते. काँग्रेसच्या धोरणाचे ते कठोर टीकाकार असले, तरी १९३० च्या जुलैमध्ये पुसद येथे जंगल सत्याग्रह करून त्यांनी कारावास पत्करला, आणि १९३३ मध्ये काँग्रेसचे हंगामी अध्यक्षपदही सांभाळले. १९३४ साली जातीय निवाड्याच्या प्रश्नावर ते पंडित मालवीयांसह पुन्हा वेगळे झाले. तेव्हाही नव्या पक्षाच्या नावात 'काँग्रेस' हा शब्द त्यांनी राखला. वऱ्हाडातून ते निवडून आले, पण त्या पक्षास बंगालबाहेर फारसा पाया लाभला नाही. टीका तीच होती. वऱ्हाडात तिच्यामागे एका माणसाची दीर्घ सेवा उभी होती, अन्यत्र तशी नव्हती.

१९५९ ची पोटनिवडणूक आणि १९६२ ची सार्वत्रिक निवडणूक अणे यांनी नागपुरातून जिंकली, तीही काँग्रेसच्या विरोधात. तथापि त्या वेळी ते स्वपक्षाचे टीकाकार राहिलेले नव्हते. पृथक् विदर्भाच्या मागणीचे ते प्रवक्ते होते. म्हणून त्या विजयांचा दाखला आपल्या प्रश्नास लागू पडत नाही.

एवढ्या विवेचनावरून इतके म्हणण्यास प्रत्यवाय नाही की, टीकेने मत आपोआप वाढत नाही वा घटत नाही. टीकाकाराने पूर्वी पक्षासाठी काय सोसले आणि चुकीचा वाटा तो स्वतःकडे घेतो की नाही, हे मतदार पाहतो. पक्षांनीही यातून एक बोध घ्यावयास हवा. प्रत्येक टीकाकारास रोगट अवयव समजून छेदीत गेल्यास, जऊळक्यासारख्या गावी ज्याच्या शब्दावर चार माणसे पक्षाकडे वळतात, तोच माणूस बहुधा प्रथम बाहेर जातो. आणि त्याच्यासवे ती चार माणसेही जातात.