गृहगुपित आणि पुनर्विवाह : मराठी कादंबरी व मुळशी खोऱ्यातील ओवी

घरातील एखादी गोष्ट वर्षानुवर्षे दडपली जावी, ती उघडकीस येताच कुटुंबाची घडी विस्कटावी आणि त्या विस्कटलेल्या संसारातून कोणाला तरी आयुष्य नव्याने मांडण्याची संधी मिळावी, हे कथासूत्र आजच्या कौटुंबिक कादंबरीत फार रूढ आहे. ते अलीकडचे किंवा परकीय वाङ्मयातून उसने घेतलेले आहे, असा समज आढळतो. वस्तुतः मराठी कादंबरीचा आरंभच या सूत्राने झाला. प्रस्तुत लेखात त्या सूत्राची ऐतिहासिक पार्श्वभूमी प्रथम पाहावयाची असून, त्यानंतर मुळशी खोऱ्यातील जात्यावरच्या ओवीच्या साहाय्याने त्या इतिहासाची एक मर्यादा दाखवावयाची आहे.

विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला. पुढच्याच वर्षी, १८५७ मध्ये, बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. यमुना पतीसमवेत प्रवास करते व ठिकठिकाणच्या विधवांच्या कहाण्या तिच्या कानी पडतात. पुढे तिच्यावरच वैधव्य ओढवते आणि अखेरीस ती धर्मांतर करून पुनर्विवाह करते. कायद्याने दिलेली संधी समाजात राहून घेता येत नाही, हा या शेवटातील अर्थ नजरेआड करण्यासारखा नाही.

या कहाण्यांत जे गुपित होते, ते केवळ कल्पनेतले नव्हते. पांढरपेशा घरातील तरुण विधवेला गर्भ राहिला, तर तो लपविणे, पाडणे किंवा जन्मलेले मूल नाहीसे करणे एवढेच मार्ग तिच्यापुढे असत. बहुधा घरातीलच पुरुष याला कारण असे आणि शासन मात्र तिला एकटीला होई. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात स्वतःच्या घरी बालहत्याप्रतिबंधक गृह काढले. विधवेने येथे गुप्तपणे येऊन बाळंत व्हावे, मूल न्यावे अथवा ठेवून जावे, अशी ही व्यवस्था होती. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत याला या दांपत्याने १८७४ मध्ये दत्तक घेतले. १८८७ च्या मृत्युपत्रात जोतीरावांनी त्यालाच आपला वारस केले. तो पुढे वैद्य झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंना मृत्यू आला, तेव्हा यशवंतही त्याच कार्यात होता. एरवी जे गुपित विहिरीच्या तळाशी गेले असते, ते येथे नाव, वारसा आणि व्यवसाय घेऊन उजळ माथ्याने वावरले. दुसऱ्या संधीचा याहून सबळ पुरावा त्या शतकात क्वचितच सापडेल.

पंढरपूर येथेही १८७५ मध्ये असेच गृह निघाले. तथापि या सोयी अपवादरूपच होत्या. १८८१ मध्ये सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली; पुढे ती कमी करण्यात आली. या प्रकरणावर वृत्तपत्रांतून स्त्रीजातीला जी दूषणे देण्यात आली, त्यांना उत्तर म्हणून ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली.

हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’ या कादंबरीत, जी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः आली, यमू आपली कहाणी स्वमुखाने सांगते. घरातले घरातच राहावे, या दंडकाचा भंग या निवेदनपद्धतीनेच होतो. यमूला दुसरी संधी मिळत नाही. प्रत्यक्ष जीवनात मात्र १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी शारदासदनातील विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशी विवाह केला. मुरूड या त्यांच्या गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. हीच गोदूबाई म्हणजे आनंदीबाई कर्वे. त्यांचे ‘माझे पुराण’ हे आत्मकथन १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले. दरम्यान १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह निघाला व गदारोळ उडाला. ‘विभावरी शिरूरकर’ हे नाव कोणाचे, हेच त्या वेळी गुपित होते. मालतीबाई बेडेकर यांना घरातले बोलण्यासाठी स्वतःचे नाव झाकावे लागले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

येथपर्यंतचा इतिहास परिचित आहे. परंतु तो कोणत्या घरांचा इतिहास आहे, हा प्रश्न विचारला पाहिजे. पुण्याहून पश्चिमेस पौडावरून मुळशीकडे गेले की समाजरचना पालटते. कुणबी, मराठा, महादेव कोळी, धनगर अशा या वस्तीत विधवेचा पाट लावण्याची चाल बहुतांशी मान्य होती. जेथे पाट आहे, तेथे विधवेचा संसार पुन्हा उभा राहण्यास आडकाठी नव्हती. म्हणून वर वर्णिलेल्या गुपिताची तेथे तेवढी गरजही नव्हती. तथापि पाटाला प्रथम लग्नाची प्रतिष्ठा नसे. तो बहुधा रात्री, मोजक्या माणसांत लागे. पहिल्या घरची मुले सामान्यतः त्या घरच्या भाऊबंदांकडे राहत. संधी होती, पण तिची किंमत आईने मुलांच्या विरहाने भरावी लागे.

कायद्याने या किमतीत भरच घातली. पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या पतीच्या मिळकतीवरील हक्क १८५६ च्या कायद्याने संपुष्टात येई. ज्या जातींत पुनर्विवाह पूर्वापार रूढ होता, तेथेही हाच नियम लागू, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १८९६ मध्ये विठू विरुद्ध गोविंद या खटल्यात दिला. पांढरपेशा विधवेसाठी निघालेला कायदा अशा रीतीने शेतकरी विधवेच्या मुळावर आला.

पुढे धरणाने जमीनच हिरावली. मुळा व नीला यांच्या संगमावर टाटा कंपनीने मुंबईच्या विजेसाठी बांधलेल्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, सत्याग्रह सुरू झाला. ‘जान किंवा जमीन’ ही त्याची घोषणा होती. सेनापती बापट आदींच्या नेतृत्वाखाली तो १९२४ पर्यंत चालला. अखेर सुमारे पन्नास गावांच्या जमिनी बुडाल्या. मोबदला नोंदलेल्या खातेदाराला मिळावयाचा. त्यातही पुष्कळ जमिनी सावकारांकडे गहाण पडलेल्या. पाटाने आलेल्या अथवा पाटाने गेलेल्या स्त्रीचे नाव अशा कागदांत सहसा नसणार, हे अनुमान वरील निर्णयावरून सहज निघते. पुनर्विवाह आणि पुनर्वसन या दोन्ही शब्दांत ‘पुनः’ आहे. परंतु त्याची आकारणी करणारी वही स्त्रीच्या हाती नव्हती.

या स्त्रियांची साक्ष कादंबरीत नाही, ती जात्यावर आहे. हेमा राईरकर व गी पॉइट्वाँ यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागातील ‘गरीब डोंगरी संघटने’च्या स्त्रियांसह ओव्यांचे संकलन आरंभिले. त्यात मुळशी व मावळ येथील गायिकांचा वाटा मोठा आहे. महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून लाखावर ओव्या या संग्रहात जमा झाल्या. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ने त्या प्रकाशित करण्यास आरंभ केला. माहेर, सासुरवास, सवत, लेकीचा जन्म हे त्यांचे विषय. पहाटे घर झोपलेले असताना जे बोलायचे, ते दगडाला सांगायचे, ही ओवीची रीत होय. गर्भवती असता टाकली गेलेली सीता तीत वारंवार येते, आणि सासुरवाशीण तिच्या वनवासाशी आपला वनवास जोडते.

ओवीवरून एखाद्या विशिष्ट घराचा वृत्तान्त सिद्ध करता येत नाही, ही सावधगिरी अवश्य बाळगावी. एका ओवीचे कर्तृत्व अनेकींचे असते. शोकाचे संकेत ठरलेले असतात. परंतु कादंबरीतील यमूचा पुरावा आपण ज्या प्रकारे स्वीकारतो, त्याच प्रकारे हाही स्वीकारण्यास हरकत नसावी. दोहोंत भेद इतकाच की यमूला लेखक लाभला. ओवीतील स्त्रीला जाते लाभले. आणि पिठाच्या गिरण्या आल्यावर तेही थांबले. ज्यांना त्या ओव्या पाठ आहेत, अशा वृद्धा आता थोड्याच उरल्या आहेत. मराठी कादंबरीतील गृहगुपिताचा इतिहास लिहिताना त्यांना विचारण्याचे राहून गेले, तर तो इतिहास अर्ध्या घरांचाच राहील.