कवडशातली धूळ

गंगापूर रोडवरच्या आमच्या जुन्या घरात सकाळी पूर्वेच्या खिडकीतून एक कवडसा यायचा. आई केर काढायला लागली की त्यात धूळ नाचायची. मला वाटायचं, उन्हाबरोबर धूळही आत येते. अणुशक्तीनगरचे मामा सुट्टीला आले होते, त्यांनी हाताने कवडसा अडवला. धूळ गायब! "गेली नाही रे, दिसेनाशी झाली," एवढंच म्हणाले. आपल्या वैशेषिकांनी या कणाला त्रसरेणू असं नाव दिलंय, हे मी फार पुढे वाचलं.

२०११ मध्ये फुकुशिमा झालं तेव्हा आईने मामांना फोन लावला. तारापूरच्या १९६९ सालच्या दोन अणुभट्ट्या आणि फुकुशिमाची पहिली, तिन्ही उकळत्या पाण्याच्या, जनरल इलेक्ट्रिकच्या, हे तिने वाचलं होतं. मामांनी "काही होत नाही" वगैरे म्हटलं नाही. (हे मला आवडलं.) म्हणाले, "ताई, कवडसा आठवतो? तेच मोजायचं असतं."

तर मंडळी, प्रकार असा. इंधन वितळलं की सीझियम, आयोडीन यांची वाफ होते आणि गार होताना तिचे सूक्ष्म कण बनतात. बाहेरच्या भक्कम कवचाला गळती लागलीच, तर किती विष निसटेल? ते तोवर किती कण खाली बसले यावर ठरतं. पाण्याच्या घनतेचा एक मायक्रॉनचा कण तासाभरात जेमतेम बारा-तेरा सेंटिमीटर खाली येतो. दहा मायक्रॉनचा दहा मीटरहून जास्त! म्हणजे कण एकमेकांना चिकटून, वाफेने भिजून किती लवकर जाड होतात, यावर सगळा खेळ.

१९७९ मध्ये थ्री माइल आयलंडला हेच दिसलं. निष्क्रिय वायू भरपूर सुटले, आयोडीन मात्र अपेक्षेच्या मानाने अगदी थोडं. बरंचसं पाण्यातच अडकलं. १९८६ च्या चेर्नोबिलला तसं कवचच नव्हतं.

आता कण मोजायचे कसे? नळीने हवा ओढली तर तापलेल्या, दमट हवेतले कण वळणावरच चिकटून बसतात. म्हणून काचेच्या खिडकीतून प्रकाश सोडायचा आणि विखुरलेला प्रकाश टिपायचा. टिंडालने १८७० च्या सुमारास लंडनमध्ये धूळ अशीच दाखवली होती. गुस्ताव मी याने १९०८ मध्ये त्याचं गणित मांडलं. प्रकाशाच्या तरंगलांबीहून खूप लहान कणाचा व्यास निम्मा झाला की विखुरलेला प्रकाश चौसष्टावा हिस्सा उरतो, इतकं ते नाजूक! शिवाय मीचं गणित गोल कणांचं, आणि अपघातातले कण चिकटून वेडेवाकडे झालेले. खिडकीवर वाफ धरते ते वेगळंच, त्यासाठी काच तापवावी लागते.

तुर्भ्याच्या भाभा केंद्रात यासाठी खास प्रयोगशाळा आहे. तिथे प्लाझ्मा टॉर्चने धातू तापवून असे कण बनवतात. कल्पक्कमला सोडियम जळल्यावरच्या धुराचा अभ्यास होतो, कारण तिथल्या भट्टीत पाण्याऐवजी वितळलेलं सोडियम खेळतं.

आईने सगळं ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे बसते ना खाली?"

"बसते," मामा म्हणाले, "पण वेळ मिळाला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी तिने केर काढायच्या आधी फरशीवर पाणी शिंपडलं.